पाने वाटण्यापूर्वी : सोलापुरात पोकरच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी

२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि मोबाईलवरचे पैशांचे पोकर एकेक करून बंद पडले. तेव्हापासून ‘आपणच टेबल लावू’ ही भाषा आपल्याकडेही कानावर येते. जुळे सोलापुरातला एखादा फ्लॅट, होटगी रस्त्याकडचे फार्महाऊस, नाहीतर लॉजची मोठी खोली. आठ खुर्च्या, हिरवे कापड आणि चिप्सची पेटी एवढ्यावर काम भागते. बोलावणारा सांगतो, “पोकर म्हणजे डोक्याचा खेळ, तीन पत्ती नव्हे. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. टेन्शन घेऊ नका.” यातले पहिले वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे अर्धवट आहे. तिसऱ्यावर विसंबून बसलेल्या माणसाचे नाव मात्र पोलिसांच्या प्रेसनोटमधून दुसऱ्या दिवशी पेपरात येऊ शकते.

तुम्ही खेळायला बसणार असाल, कुणाला खेळण्यासाठी जागा देणार असाल, किंवा घरातला मुलगा शनिवारी रात्री कुठे जातो या काळजीत असाल, तर कायदा नेमका कुठे बोट ठेवतो हे आधी समजून घ्या. माझे म्हणणे एवढेच आहे की, ‘हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा’ या वादात पहिल्यांदा शिरू नका. तो वाद वकिलांचा आहे आणि तो कोर्टात वर्षानुवर्षे चालतो. तुम्ही दारातून आत जाताना एकच गोष्ट बघा : या टेबलावर खेळणाऱ्यांखेरीज आणखी कुणी कमावतो आहे का?

१८८७ चा कायदा आजही तुमच्या खोलीत येतो

जुगार हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकाची नोंद ‘पैज आणि जुगार’ अशी आहे. त्यामुळे पुण्याचा, पणजीचा आणि विजापूरचा नियम एक नसतो. महाराष्ट्रात चालतो तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यासाठी केलेला हा कायदा मटक्यापासून पत्त्यांपर्यंत सगळ्याला पुरून उरला आहे.

त्याचे काम समजायला चार कलमे पुरतात. कलम ४ अड्डा चालवणाऱ्यासाठी आणि जागा देणाऱ्यासाठी आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५ तिथे सापडलेल्या माणसासाठी आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. यात एक मेख आहे. जुगार चालू असताना तुम्ही त्या जागेत सापडलात, तर तुम्ही जुगारासाठीच आला होतात असे कायदा गृहीत धरतो. ‘मी फक्त बघत होतो’, ‘मित्राला डबा द्यायला आलो होतो’ हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. कलम १२ सार्वजनिक जागेसाठी आहे आणि तिथे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. कलम १३ सुटकेचे दार आहे : निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. ‘निव्वळ’ हा शब्द न्यायालयांनी शब्दशः घेतलेला नाही. नशीब थोडे असले तरी चालेल, पण जिंकणे-हरणे मुख्यतः कौशल्यावर ठरले पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला गेला आहे.

आता ‘अड्डा’ कशाला म्हणायचे? पत्त्यांच्या बाबतीत कायद्याची व्याख्या सांगते की, जुगाराची साधने ज्या घरात, खोलीत किंवा जागेत ठेवली किंवा वापरली जातात आणि त्यातून जागेच्या मालकाला, भाडेकरूला किंवा चालवणाऱ्याला फायदा होतो, ती जागा. फायदा भाड्याच्या रूपाने असो, पत्त्यांच्या शुल्काच्या रूपाने असो किंवा आणखी कसाही. हे ‘आणखी कसाही’ फार लांबवर पोचते.

आपल्या जिल्ह्यातल्या पोलीस कारवायांच्या बातम्या लक्ष देऊन वाचल्या तर हे दिसेल. मजकूर ठरलेला असतो. पत्र्याच्या शेडच्या आडोशाला अमुक इसम गोलाकार बसून ५२ पत्त्यांच्या पानांवर पैसे लावून स्वतःच्या फायद्याकरिता मन्ना नावाचा जुगार खेळत व खेळवीत असताना मिळून आले, रोख रक्कम, मोबाईल आणि दुचाकी असा एवढा मुद्देमाल जप्त. ‘स्वतःच्या फायद्याकरिता’ आणि ‘खेळवीत’ हे शब्द तिथे उगाच पडलेले नसतात. कलम ४ उभे राहते ते त्यांच्यावरच.

‘सुप्रीम कोर्टाचा निकाल’ नेमका काय आहे

क्लबवाले ज्या निकालाचा दाखला देतात तो नोव्हेंबर १९६७ चा आहे : आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण. सिकंदराबादच्या क्रिसेंट रिक्रिएशन क्लबवर १९६३ च्या मे महिन्यात पोलिसांनी छापा घातला होता. लोक पैसे लावून रमी खेळत होते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकालात म्हटले की, रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबावर चालत नाही. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे याला डोके लागते. म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. क्लबवाले सुटले.

इथवर सगळे सांगतात. पुढचे सांगत नाहीत. त्याच निकालात न्यायालयाने बजावले आहे की, क्लब किंवा घराचा मालक पैसे लावून खेळलेल्या रमीतून किंवा दुसऱ्या कुठल्या खेळातून नफा काढत असल्याचा पुरावा आला, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. त्या क्लबने पत्त्यांसाठी आणि बसण्यासाठी जे घेतले ते सोयींच्या मानाने जास्त नव्हते, म्हणून तो वाचला. म्हणजे ज्या निकालाची झेरॉक्स खिशात घेऊन लोक टेबल लावतात, तोच निकाल त्यांच्या गल्ल्याकडे बोट दाखवतो.

दुसरी गोष्ट : तो निकाल रमीचा आहे, पोकरचा नाही. आपल्या कायद्यात पोकरचे नावही नाही. पश्चिम बंगालने १९५७ च्या कायद्यातच ब्रिज, रमी आणि पोकर यांना जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे. नागालँडने पोकरला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घातले. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पोकर खेळणाऱ्यांच्या बाजूचा आदेश दिला, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ म्हटले. दुसऱ्या बाजूला गुजरात उच्च न्यायालय आहे. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायमूर्ती राजेश शुक्ला यांनी पोकर हा नशिबाचा खेळ असल्याचे सांगून क्लबचालकांच्या याचिका फेटाळल्या.

सोलापूरकराने यातला गुजरातचा निकाल सर्वांत गांभीर्याने घ्यायला हवा असे मला वाटते, आणि त्याचे कारण साधे आहे. १९६० पर्यंत गुजरात आणि महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते, त्यामुळे गुजरातला लागू असलेला कायदाही तोच, १८८७ चा. कलमे तीच, कौशल्याच्या सवलतीची भाषा तीच. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नसतो, पण सरकारी वकील तो पहिल्या तारखेलाच पुढे ठेवतील. बंगालचा दाखला मात्र आपल्याकडे फारसा उपयोगी नाही, कारण तिथे सवलत कायद्यातच लिहिलेली आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर पोकरचा टेक्सस होल्डेम हा प्रकार कौशल्याचा खेळ आहे. दोन पाने हातात, पाच पाने टेबलावर, आणि बहुतेक डाव पाने उघडी न पडताच संपतात, कारण कुणीतरी समोरच्याचा अंदाज घेऊन पान टाकून देतो. हजारो डावांत चांगला खेळणारा वर येतो. पण एका रात्रीत जेमतेम शे-दीडशे डाव होतात, आणि तेवढ्यात कौशल्याला नशिबावर मात करायला वावच मिळत नाही. म्हणून ‘कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य कोर्टात खरे ठरले, तरी तुमच्या खिशाला त्याचा आधार नाही.

नाल

गावाकडच्या फडावर अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. पोकरवाले त्यालाच रेक म्हणतात. नाव बदलले, डबा तोच. कायदा याच डब्याकडे बघतो आणि तुमचे पैसेही याच डब्यात जातात, म्हणून जरा हिशोबच मांडू.

समजा आठ जण बसले, प्रत्येकाने पाच हजारांच्या चिप्स घेतल्या. टेबलावर चाळीस हजार आले. तासाला पंचवीस डाव होतात, प्रत्येक डावात सरासरी हजार रुपयांचा पॉट (डावावर लागलेली एकूण रक्कम) जमतो आणि चालवणारा पाच टक्के काढतो, म्हणजे डावाला पन्नास. तासाचे झाले साडेबाराशे. रात्री नऊ ते तीन, सहा तासांचे साडेसात हजार. चाळीस हजारांतले जवळजवळ एकोणीस टक्के कुणीही न हरता टेबलावरून गेले. आठही जण अगदी सारख्या तोडीचे असतील तर प्रत्येक जण सरासरी सुमारे साडेनऊशे रुपये गमावून घरी जाईल. आठवड्यातून एकदा असे वर्षभर बसलात तर ही रक्कम पन्नास हजारांच्या आसपास पोचते, आणि ती समोरच्या कुणीही तुमच्याकडून जिंकलेली नसते.

कायदा नालेकडे बघतो हे चालवणारे जाणतात, म्हणून ती उघडपणे काढत नाहीत. तासाची बैठक फी लावतात. ‘मेंबरशिप’ घेतात. दोनशेची थाळी आठशेला देतात. जिंकणाऱ्याने पाने वाटणाऱ्या डीलरला टिप द्यायचीच असा रिवाज पाडतात आणि ती टिप मालकाकडे जाते. जॅकपॉटच्या नावाने प्रत्येक डावातून दहा रुपये बाजूला ठेवतात. चिप्स परत घेताना ‘राउंड फिगर’ करतात. अमेरिकेत टेक्ससमध्ये नेमके हेच घडले. तिथल्या कायद्यात खासगी जागेत, जिंकलेल्या पैशांपलीकडे कुणालाही आर्थिक लाभ होत नसेल आणि सर्वांचा धोका सारखा असेल तर बचाव मिळतो. म्हणून तिथल्या पत्त्यांच्या क्लबांनी पॉटमधून काही न काढता तासाची खुर्ची-फी घेण्याची पद्धत काढली, आणि ती फी म्हणजेच लाभ आहे की नाही यावरून डॅलस महापालिकेशी एका क्लबचे खटले झाले. आपल्याकडे तर व्याख्येतच ‘आणखी कसाही फायदा’ बसतो. इथे खुर्ची-फीने वाचण्याची आशा धरू नका.

जागा भाड्याने देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. फ्लॅटमालक पुण्यात, फ्लॅट सोलापुरात, भाडेकरू बाजारभावापेक्षा दीडपट भाडे रोख देतो आणि फक्त रात्रीच येतो. अशा वेळी चौकशी करा, भाडेकराराची नोंदणी करा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. जाणूनबुजून जागा दिली असा संशय आला तर कलम ४ मालकाच्याही दारात येते.

घरातला डाव, गच्ची आणि मांडव

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरोघर पत्ते निघतात. मामा, साडू, जावई बसतात, दहा-वीस रुपयांचे डाव होतात. ते सगळे गुन्हेगार ठरतात का? अड्ड्याच्या व्याख्येला चालवणाऱ्याचा फायदा लागतो. घरच्या डावात यजमान काही काढत नाही, जेवण-चहाचा खर्च सारखा वाटला जातो, बाहेरच्या अनोळखी माणसाला प्रवेश नाही, मग तो अड्डा ठरवणे पोलिसांना जड जाते. ब्रिटनने २००५ च्या कायद्यात घरातल्या खेळासाठी हीच अट लिहून ठेवली आहे : खेळण्यासाठी शुल्क घ्यायचे नाही. आपल्याकडे ती इतक्या स्पष्ट शब्दांत नाही, पण दिशा तीच आहे. घरचा डाव घरचाच ठेवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवर ‘आज टेबल आहे, दोन सीट रिकाम्या’ असे टाकू नका. अनोळखी माणूस आला की तुमचा बैठकीचा हॉल घर राहत नाही.

जागा बदलली की मात्र हा बचावही संपतो. कलम १२ मध्ये नाल असावी लागत नाही, जागा लोकांना ये-जा करता येण्यासारखी असली की पुरे. गणेशोत्सवात मंडळाची पोरे रात्री मूर्तीची राखण म्हणून मांडवात बसतात, दोन वाजता पत्ते निघतात, पाच-पाच रुपये लागतात. मांडव रस्त्यावर असतो. मी हे विशेष काळजीने लिहितो आहे, कारण यात सापडणारी पोरे पोलीस भरतीची, रेल्वेची, बँकेची तयारी करणारी असतात. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ‘तुमच्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना असतो, आणि तो लपवणे हे मूळ गुन्ह्यापेक्षा जड जाते. मंडळाच्या अध्यक्षांनी राखणीला बसणाऱ्यांना कॅरम द्यावा, पण पैशांचे पत्ते मांडवात येऊ देऊ नयेत. अपार्टमेंटचे पार्किंग, शाळेचे मैदान, मंगल कार्यालयाची मागची बाजू, गड्ड्याच्या यात्रेतला कोपरा, सगळीकडे हीच गोष्ट.

भिंतीवरची फ्रेम

क्लबात शिरल्यावर भिंतीवर फ्रेम केलेले प्रमाणपत्र दाखवतात. नीट वाचा. संस्था नोंदणीचे प्रमाणपत्र संस्था अस्तित्वात आहे एवढेच सांगते. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद आस्थापना आहे एवढे सांगते. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली मिळणारा करमणुकीच्या जागेचा परवाना त्या जागेपुरता आणि त्यात लिहिलेल्या अटींपुरता असतो, तो जुगाराचा परवाना नव्हे. परवान्यावर कोणते खेळ, किती वाजेपर्यंत, कुणासाठी हे लिहिलेले असते, तेवढे वाचायला दोन मिनिटे लागतात.

कुणी ‘महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा आहे’ असे सांगेल. होता. १९७६ मध्ये तो विधिमंडळात मंजूर झाला, पण एकाही दिवसासाठी अमलात आला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि तो विषय संपला. आज महाराष्ट्रात पैशांच्या पोकरसाठी सरकारी परवाना नावाची वस्तू नाही. सरकारने एकदा स्पष्ट बोलावे असे माझे ठाम म्हणणे आहे : बंदी घालायची तर पोकरचे नाव लिहून घालावी, चालू द्यायचे तर नियम, वयाची अट आणि तपासणीसह द्यावे. आजच्या धूसरपणात अड्डेवाला कमावतो आणि नोकरदार पोरगा आरोपी होतो.

वेस ओलांडली की

सोलापूरचे भूगोलाने असे केले आहे की, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर विजापूर आणि कलबुर्गी, तीनशे किलोमीटरवर हैदराबाद. कर्नाटकने २०२१ मध्ये कौशल्याच्या खेळांवर पैसे लावण्यालाही बंदी घालणारी दुरुस्ती केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तिच्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. त्यामुळे कर्नाटकात कौशल्याच्या खेळाची सवलत टिकून आहे, पण नशिबाच्या खेळावरची आणि अड्ड्यावरची कारवाईही टिकून आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये कायदा कडक केला आणि पैसे लावलेल्या रमीलाही मोकळीक ठेवली नाही. हैदराबादला लग्नाला गेलेल्या पाहुण्यांनी ‘आमच्या सोलापुरात चालते’ असे म्हणून हॉटेलच्या खोलीत डाव मांडू नये.

कायदेशीर टेबल हवे असेल तर जवळची जागा गोवा. गोव्याने १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांसाठी आणि १९९६ मध्ये जहाजांसाठी वाट काढली. आज पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर पोकरची खोली असते, रेक उघड असते, स्पर्धा जाहीर असतात. वय एकवीस पूर्ण लागते, ओळखपत्र लागते. फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना खेळायला प्रवेश नाही, बाहेरच्यांना आहे. आपल्या लोकांना या खेळापासून दूर ठेवून पाहुण्यांकडून महसूल घेणाऱ्या राज्याने स्वतःच हा खेळ किती धोक्याचा मानला आहे, हे त्यावरून कळते.

तिथे जाणार असाल तर कराचा हिशोब आधी करा. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के झाला आहे. पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट तीस टक्के आणि वर उपकर. इतर उत्पन्नावर मिळणारी किमान करमुक्त मर्यादा इथे लागू नाही. जायचा-यायचा खर्च वजा करता येत नाही. आणि हे नीट वाचा : शनिवारी पन्नास हजार जिंकलात, रविवारी साठ हजार हरलात, तरी पन्नास हजारांवर कर लागतो, हरलेले साठ हजार त्यातून वजा होत नाहीत. पावत्या जपून ठेवा आणि विवरणपत्रात दाखवा.

मोबाईलबद्दल एक इशारा. काही जण फुकटच्या अ‍ॅपवर खासगी टेबल लावतात, चिप्स खोट्या, पण हिशोब रात्री यूपीआयने चुकता करतात. नव्या केंद्रीय कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच ऑनलाइनपुरता काढून टाकला आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. साध्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण हिशोब ठेवणारा आणि आपला हिस्सा काढणारा साधा खेळणारा राहत नाही, आणि यूपीआयची प्रत्येक नोंद पुरावा म्हणून उभी राहते.

छापा पडलाच तर

पळू नका. गच्चीवरून उडी मारून पाय मोडला किंवा अंधारात विहिरीकडे धावून जीव गेला, तर त्यापुढे कलम ५ ची सहा महिन्यांची शिक्षा क्षुल्लक आहे. हात वर ठेवा, नाव-पत्ता खरा सांगा, खिशातले स्वतःहून फेकू नका.

खासगी जागेत झडतीसाठी कलम ६ नुसार वरिष्ठ अधिकाऱ्याचे विशेष वॉरंट लागते. शहरात ते पोलीस आयुक्तांकडून येते. वॉरंट दाखवा असे शांतपणे म्हणा, तारीख आणि सही लक्षात ठेवा. याला महत्त्व आहे, कारण पत्ते-चिप्स सापडल्या म्हणजे ही जागा अड्डाच, हे गृहीतक अशा रीतसर झडतीला लागू होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायला सांगितले आहे. पंचनाम्यात तुमच्या खिशातली रक्कम आणि टेबलावरची रक्कम वेगवेगळी लिहिली जाते का ते पाहा. भिशीचे किंवा दवाखान्याचे पैसे जवळ असतील तर तिथेच सांगा. सही करण्यापूर्वी वाचा, कोऱ्या कागदावर सही करू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात, प्रत्येक वेळी अटक करावीच असे नाही. नोटीस मिळाली तर तारीख चुकवू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

जुन्या वकिलांच्या तोंडी ‘दंड भरून सुटतो’ हे वाक्य अजून आहे. ते आता तितके खरे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये किरकोळ संघटित गुन्हा नावाचा नवा गुन्हा आला आहे, त्यात टोळीने केलेल्या बेकायदा पैजा आणि जुगाराचाही समावेश आहे. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात वर्षे. नियमित टेबल चालवणारे, त्यांचे डीलर, दारावर उभा राहणारा आणि वसुली करणारा यांना हे कलम लावता येते. रात्री हजार रुपये मिळतात म्हणून पाने वाटायला जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी हे समजून घ्यावे : खेळणाऱ्यापेक्षा त्यांचा धोका मोठा आहे.

हरल्यावरचे कर्ज

टेबलावर हरलेला माणूस उठत नाही, तो चिप्स उधार घेतो. चालवणारा आनंदाने देतो. महिनाभराने त्याच आकड्यावर दहा टक्के महिना व्याज चढते आणि दोन माणसे घरासमोर मोटारसायकल लावून बसतात. बहुतेक घरे उद्ध्वस्त होतात ती इथे, पोलीस ठाण्यात नव्हे.

पैजेचा करार रद्दबातल असतो, हे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० सांगते. त्यातही आपला भाग वेगळा आहे. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक कायदा आहे आणि तो पैजेशी जोडलेले उधारीचे करारही रद्दबातल ठरवतो. देशाच्या इतर भागांत असा जोडकरार टिकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात स्पष्ट केले, आणि त्याच निकालात मुंबईच्या या वेगळ्या कायद्याचा उल्लेख आहे. म्हणजे जुगारासाठी दिलेली उधारी सोलापूरच्या दिवाणी न्यायालयातून वसूल करणे फार कठीण. हे वसूल करणाऱ्याला माहीत असते, म्हणूनच तो कोरा चेक, सही केलेला स्टॅम्पपेपर, गाडीचे आरसी बुक आणि बायकोचे मंगळसूत्र मागतो. यातले काहीही देऊ नका. उधारी घेतलीच असेल तर तिचे रूपांतर ‘हातउसने’ असे लिहिलेल्या कागदात होऊ देऊ नका.

व्याजाने पैसे लावणाऱ्याकडे परवाना लागतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी करायची. अर्जात रक्कम, तारीख, व्याजाचा दर, आतापर्यंत दिलेले पैसे आणि सावकाराने ठेवून घेतलेल्या वस्तू किंवा कागद लिहा. फोनवरच्या धमक्यांचे रेकॉर्डिंग, यूपीआयचे स्क्रीनशॉट, चेकचे क्रमांक जोडा. ‘मी पत्ते खेळत होतो हे उघड होईल’ या लाजेने लोक थांबतात आणि तेवढ्यात गाडी जाते, मग दागिने, मग शेत. धमकी चालू असेल तर ११२ वर फोन करा.

घरच्यांसाठी : माणूस खोटे बोलून पैसे नेऊ लागला, पगार झाल्याच्या आठवड्यातच उसनवारी सुरू झाली, रात्रीची झोप गेली, तर हा आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला जागा आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, त्याला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. फोन घरातल्या कुणीही केला तरी चालतो, खेळणाऱ्यानेच करावा असे नाही. त्याच दिवशी बँकेत जाऊन संयुक्त खात्याच्या व्यवहारांना दोघांची सही लागेल अशी सोय करून घ्या, आणि घराची-शेताची मूळ कागदपत्रे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवा.